झालर आली म्हणून फेकू नका

वाचकाचं पत्र :

ताई, मी मिरजेला असते. वय ४७, माध्यमिक शाळेत गणित शिकवते. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. त्यांची ट्रंक आवरताना बिस्किटाच्या जुन्या डब्यात टॅटिंगचं, म्हणजे दोऱ्याच्या गाठींनी लेस करायचं शटल (दोरा गुंडाळायची लहानशी होडी), पांढऱ्या दोऱ्याची अर्धी गुंडी आणि वीतभर लेस सापडली. शटल अजून लेसला लटकलेलंच होतं. त्यांनी कधी शिकवते म्हटलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही, याची आता फार रुखरुख लागते. यूट्यूब बघून मी टॅटिंग शिकले. रात्री जेवणं आटोपली की बसते. दिवसभराचं डोक्यातलं सगळं तेवढ्यात जागच्या जागी बसतं. पण तीन गोष्टी छळतात. मी फक्त दुसऱ्यांचे नमुने उतरवते, स्वतःचं काहीच सुचत नाही. पहिला गोल रुमाल केला (फोटो जोडलाय), तो सपाट बसतच नाही, कडेला झालर येते, बघितला की फेकून द्यावासा वाटतो. आणि घरात विचारतात, उपयोग काय? असली लेस दहा रुपये मीटरने मिळते, करतेसच तर निदान विक तरी. सासूबाईंची लेस मी पूर्ण करावी का, तेही सांगा.

उत्तर :

ताई, आधी रुमालाचं बोलू, कारण बाकीच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं त्याच्याच कडेला आहेत.

गोल काम सपाट राहायचं तर दर फेरीला घेर किती वाढला पाहिजे, हे तुमच्या दहावीच्या मुलांनाही काढता येईल. फेरीची उंची १ सेंटिमीटर धरली तर त्रिज्या १ सेंटिमीटरने वाढते आणि परीघ २π ने, म्हणजे साधारण ६.२८ सेंटिमीटरने. घेर याहून कमी वाढला तर कामाची वाटी होते. जास्त वाढला तर कडेला जागा पुरत नाही आणि झालर पडते. फोटोवरून दिसतंय की तुमच्या पहिल्या दोन फेऱ्या ठीक आहेत आणि तिसऱ्या फेरीतल्या कमानी (कड्यांना जोडणारे गाठींचे वळणदार तुकडे) लांब झाल्यात. पुढच्या वेळी प्रत्येक कमानीतल्या एक-दोन गाठी कमी करा, किंवा कमानीचा दोरा जरा ओढून घ्या. रुमाल सपाट बसेल. दुरुस्ती एवढीच.

पण दुरुस्ती करण्याआधी या झालरीकडे नीट बघा, असं मी आग्रहाने सांगेन. युक्लिडच्या भूमितीत एका रेषेला बाहेरच्या बिंदूतून एकच समांतर रेषा जाते. एकोणिसाव्या शतकात बोल्याय आणि लोबाचेव्हस्की या गणितज्ञांनी दाखवून दिलं, की अशा अनेक रेषा जातील अशीही भूमिती मांडता येते. तीही तितकीच सुसंगत असते, हे पुढे इतरांनी दाखवलं. कागदावर ती सिद्ध झाली, पण ती भूमिती ज्यावर चालते ते पृष्ठ, म्हणजे पृष्ठभाग, हातात धरता येईना. कागदाच्या पट्ट्या चिकटवून मॉडेलं करायचे, ती हाताळली की फाटायची. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात दाइना ताइमिन्या या गणितज्ञ बाईंनी ते क्रोशाने विणलं. त्या मूळच्या लाटव्हियाच्या, लहानपणापासून सुई-दोरा हातात असलेल्या. त्यांचा नियम सांगायला एक ओळ पुरते : ठरावीक टाके झाले की एक टाका वाढवायचा, आणि हे प्रमाण शेवटपर्यंत मोडायचं नाही. काम हळूहळू वळायला लागतं, मग दुमडतं, मग त्याला दाट झालर येते. ते विणकाम घडी घातलं की घडीची रेष म्हणजे त्या पृष्ठावरची सरळ रेषा. तिच्यावर वेगळ्या रंगाचा दोरा घालायचा. अशा तीन रेषांचा त्रिकोण केला की कोनांची बेरीज १८० अंशांपेक्षा कमी भरते, आणि हे मुलांना डोळ्यांनी दिसतं, बोटांनी चाचपता येतं.

तुम्हाला रुमालातली चूक वाटली, तीच तिथे उत्तर ठरली. दोरा तोच आणि झालरही तीच, पण ताइमिन्याबाई वेगळा प्रश्न घेऊन बसल्या होत्या. पुढे २००५ मध्ये लॉस एंजेलिसला मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या बहिणींनी याच रीतीने प्रवाळाचे खडक विणायला घेतले. काटेकोर नियम जरासा मोडून बघितला, कुठे दर तीन टाक्यांनी वाढवलं, कुठे दर सहाने, तर समुद्रातल्या जिवांसारखे आकार निघायला लागले. मग ठिकठिकाणच्या हजारो बायकांनी त्यात आपापली भर घातली. आपल्या अंगणातलं कोंबड्याचं फूल आठवा. त्याच्या तुऱ्याची कड अशीच वाढून वाढून दुमडलेली असते.

तेव्हा तो रुमाल वर्गात न्या. टॅटिंगमध्ये हे तितकं नेमकं जमणार नाही, म्हणून सोबत क्रोशाचा एक जाड तुकडा विणा. लोकरीचा घ्या आणि दर तीन टाक्यांनंतर एक टाका वाढवा. मुलांना त्याच्यावर त्रिकोण करू द्या. गणिताच्या शिक्षिकेच्या पिशवीतून हे निघालेलं मुलं जन्मभर विसरणार नाहीत, याबद्दल मला शंका नाही.

आता "स्वतःचं काही सुचत नाही" याबद्दल. टॅटिंगमध्ये गाठ एकच असते. दोन अर्ध्या गाठींची एक पूर्ण गाठ, बाकी सगळं तिच्यापासून. ती गाठ नेमकी कुठे घडते हे तुम्ही शिकताना अनुभवलं असणार. शटलच्या दोऱ्याने वेढा घातला की डाव्या हाताची बोटं सैल सोडायची आणि शटलचा दोरा ताठ ओढायचा. त्या क्षणी वेढा शटलच्या दोऱ्यावरून सुटून डाव्या हाताच्या दोऱ्यावर उडी मारतो. ही पलटी झाली तरच आतला दोरा सरकतो आणि कडी, म्हणजे गाठींचं वेटोळं, मिटते. पलटी चुकलेली एकच गाठ असली तरी कडी तिथे अडून बसते. शिकणाऱ्या प्रत्येकीचे सुरुवातीचे दिवस याच एका पलटीत जातात, आणि ती ज्या दिवशी जमते तो दिवस बहुतेक जणींना आठवतो.

एकच गाठ, मग नवं काय करणार? तुम्ही मिरजेच्या, म्हणून हे सांगायला मला सोपं जातंय. अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव तुमचं, दर्ग्यातला त्यांच्या स्मृतीचा संगीत उत्सव तुमच्या घराजवळच होत असणार. किराणा घराण्याचा गायक बढत करताना एकेका स्वराभोवती किती वेळ राहतो. त्याला पुढचा स्वर सुचत नाही, असं कोणी म्हणत नाही. त्याच स्वराकडे तो कधी खालून येतो, कधी त्याला नुसता स्पर्श करून मागे फिरतो, आणि ऐकणाऱ्याला राग उलगडत जातो. टॅटिंगमधलं सुचणंही याच जातीचं आहे. आधी डोक्यात चित्र आणि मग हातात काम, असं इथे क्वचितच होतं. हाताखाली थोडंसं काही बदलतं, ते डोळ्यांना दिसतं, आणि त्यातून पुढचं निघतं.

टॅटिंगचा स्वतःचा इतिहासही असाच पुढे सरकलाय. सुरुवातीला कड्या सुट्या करायच्या आणि मग सुई-दोऱ्याने एकमेकींना शिवायच्या, अशी रीत होती. दोन गाठींमध्ये दोरा जरा मोकळा सोडला की जो लहानसा फास उभा राहतो, तो पिको. (साडीच्या फॉल-पिकोशी याचा संबंध लावू नका.) तो शोभेपुरता असायचा. १८५० च्या सुमारास लंडनमध्ये एलिओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर या बाई विणकामाची पुस्तकं काढत होत्या. त्यांच्या टॅटिंगमध्ये कड्या पिकोतून सुईने दोरा ओवून जोडलेल्या दिसतात. लवकरच सुईसुद्धा गेली आणि शेजारच्या कडीच्या पिकोतून चालू दोरा ओढून काम करता करताच जोडायची पद्धत आली. मग दुसरा दोरा आला, त्याच्याबरोबर कमानी आल्या. तुम्ही रोज रात्री बसून जे करता ते सगळं या दोन-तीन बदलांवर उभं आहे. गाठीला कोणी हात लावला नाही. शोभेचा फास जोडणीलाही चालेल, एवढंच कुणाच्या तरी लक्षात आलं.

म्हणून नमुने उतरवण्याची लाज मुळीच बाळगू नका. फक्त एक करा. एक कडी घ्या, २० गाठींची. नेहमीची मांडणी ५-५-५-५, मध्ये तीन पिको. ती करून वहीत टाचा आणि खाली आकडे लिहा. मग गाठी २० च ठेवा, दोरा तोच ठेवा, आणि फक्त पिकोंच्या जागा बदला. ७-३-३-७ केलं तर तिन्ही पिको कडीच्या माथ्यावर गोळा होतात. ३-७-७-३ केलं तर बाजूचे दोन पिको खाली बुडाशी उतरतात आणि कडीचा चेहराच पालटतो. पुढच्या कडीत जागा त्याच ठेवून मधला पिको लांब करा. त्याच्या पुढच्या वेळी दोन कड्यांमधला मोकळा दोरा कमी-जास्त करून बघा. बाकी सगळं स्थिर आणि एका वेळी एकच चल, हे तुम्हाला मी काय सांगायचं! वही भरत आली की काही कड्यांशी तुम्ही पुन्हा पुन्हा थांबता असं दिसेल. त्या तुमच्या. तिथून नमुना करायला घ्या.

एक व्यवहाराची गोष्ट इथेच सांगते. टॅटिंग उसवणं जिवावर येतं, म्हणून अनेक जणी चूक दिसली की सरळ कात्री घेतात. मिटलेली कडीसुद्धा उघडते. एका पिकोजवळच्या दोन गाठी नखांनी हलकेच विरुद्ध बाजूंना सरकवा, मध्ये आतला दोरा दिसेल. सुईच्या टोकाने तो जरा उचला, ओढा, आणि मग शेजारच्या पिकोशी तेच करा. कडी श्वास घेतल्यासारखी मोकळी होते. तरीही प्रत्येक चूक उघडायची नाही. कुठली ठेवायची आणि कुठली काढायची हे ठरवता येणं, हा या कामातला फार मोठा भाग आहे. माझा ठोकताळा असा : चुकीमुळे पुढची जोडणी बिघडत असेल तर उघडा. नुसती गाठ एक कमी पडली असेल आणि तुमच्याशिवाय कुणाला कळणार नसेल, तर पुढे चला.

सासूबाईंच्या लेसकडे येते. ती पूर्ण करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात अशुभ-बिशुभ काही नाही. प्रत्येकीच्या हाताची ओढ वेगळी असते, दोरा इतक्या वर्षांत पिवळा पडलाय, आणि जिथे त्यांचं काम संपून तुमचं सुरू होईल तिथे सांधा दिसतच राहील. तो सांधा बघून तुम्हाला समाधान वाटण्याऐवजी आपलं काम कमी पडलं असंच वाटत राहायची शक्यता जास्त. शटलही तिला लटकलेलंच राहू द्या. तुमच्यासाठी दुसरं घ्या.

पण ती लेस वाचा. भिंग घ्या, पांढऱ्या लेसखाली गडद कापड ठेवा, टेबलावरचा दिवा बाजूने येऊ द्या. पहिल्या कडीपासून गाठी मोजत जा आणि आकडे वहीत उतरवा. मग लेस पालथी करा. तुमच्या भागात इरकलवर कसुतीचा कशिदा करणाऱ्या बायका आहेत, त्यांच्यापैकी कुणाला काम करताना बघितलं असेल तर पालथ्या बाजूचं महत्त्व तुम्हाला सांगायला नको. गवंती आणि मुरगी हे टाके सुलटे-उलटे दोन्हीकडून सारखे दिसावे लागतात. कापडावर गाठ मारायची नाही, छापील नक्षी नाही. कापडाचे धागे मोजत एक टाका सोडून एक असं जायचं आणि परत येताना राहिलेल्या जागा भरायच्या. म्हणजे निघतानाच परतीची वाट डोक्यात असावी लागते. म्हणून कसुतीवाली बाई दुसऱ्याचं काम हातात घेतलं की आधी उलटं करून बघते. तुम्हीही तेच करा. जोड कुठून घेतलाय, दोऱ्याची टोकं कशी लपवलीत, नवा दोरा कुठे लावलाय, हे सगळं मागून दिसतं.

मोजताना कुठे तरी आकडे चुकलेले सापडतील, बहुतेक जुन्या कामांत सापडतात. तिथे थांबा. पुढच्या कडीत त्यांनी ती गाठ भरून काढलीय, की तशीच सोडलीय? पिको शेवटपर्यंत एकसारखे आहेत, की एखाद्या भागात घाईत आखूड झालेत? वीतभर लेसमध्ये अशा बारीकसारीक निवडी भरपूर असतात आणि त्या सगळ्या त्यांनी स्वतः केलेल्या आहेत. शिकवणारी व्यक्ती शेजारी बसून जे तोंडाने सांगते, त्यातलं बरंच काही तिच्या कामातून उतरवून घेता येतं. विचारायचं राहून गेलं याची रुखरुख एकदम जाणार नाही, आणि ती जावी असंही मी म्हणणार नाही. पण बराचसा धडा तुमच्या हातात आहे. मोजून झालं की तोच नमुना नव्या दोऱ्याने, तुमच्या ओढीने, पहिल्या कडीपासून करा. त्यांनी ती कशासाठी करायला घेतली होती, झबल्यासाठी, ब्लाउजच्या गळ्याला की कुणाच्या रुखवताच्या रुमालाला, हे घरात कुणाला तरी विचारा. तुमच्या यजमानांना नाही, तर नणंदेला किंवा मावससासूबाईंना आठवत असेल.

आता "उपयोग काय" याचं. दहा रुपये मीटरने लेस मिळते हे खरंच आहे, ती यंत्रावरची. त्यावर घरच्यांशी वाद घालू नका, भावाबद्दल त्यांचं बरोबर आहे. पण विकण्याच्या बाबतीत माझा सल्ला आहे, आत्ता नको. ऑर्डर आली की तोच नमुना, तोच रंग, पुन्हा पुन्हा, तारखेच्या आत करावा लागतो. तुम्हाला नेमकं नवं काही सुचायला हवंय, आणि ही वाट त्याच्या उलट दिशेला जाते.

दुसरंही कारण आहे, आणि ते मला जास्त बोचतं. आंध्र प्रदेशात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथे क्रोशाची लेस शिकवली आणि पुढे गावोगावच्या बायकांनी तिच्यावर घरं चालवली. २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तिथल्या लेस विणणाऱ्या बायकांचा अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. लेस परदेशी जात होती, निर्यातदार कमावत होते, आणि विणणाऱ्या बायकांना मिळत होती अगदी किरकोळ मजुरी. ती तशी देता येत होती, कारण घरात बसून रिकाम्या वेळात करायचं काम असंच सगळे त्याकडे बघत होते. त्या बायका दिवसाचे कित्येक तास विणत होत्या, तरी कामगार म्हणून त्यांची मोजदाद नव्हती.

म्हणून तुमच्या कामाला तुम्ही स्वतः "टाइमपास" म्हणू नका, घरात तर अजिबात नाही. पुढेमागे विकावंसं वाटलं तर एका लेसला किती तास लागतात ते आधी लिहून ठेवा आणि त्या तासांवरून किंमत लावा. त्या किमतीला गिऱ्हाईक मिळालं नाही तर विकू नका, ज्याला द्यावंसं वाटतं त्याला द्या.

विणायला बसलं की दिवसभराचं सगळं जागच्या जागी बसतं, असं तुम्ही लिहिलंय. ते राखून ठेवा. पाचपर्यंत मोजायला मन पुरेसं गुंततं आणि तरी बाकीचा विचार चालू राहण्याएवढी जागा उरते. फार अवघड नमुना घेतला की ती जागा जाते. त्यामुळे एका शटलवर सोपी लेस कायम चालू असू द्या, आणि अवघड काम रविवारी सकाळी करा.

उरलेलं थोडक्यात. दोऱ्याचा नंबर वाढतो तसा दोरा बारीक होतो. तुम्ही फोटोत ४० नंबरचा वापरलेला दिसतोय, काही महिने २० वर या, गाठी स्पष्ट दिसतील आणि वाचता येतील. शटल घेताना त्याची दोन्ही टोकं एकमेकांना अलगद टेकतात ना ते बघून घ्या, दोरा जाताना टिक असा आवाज यायला हवा. टोकं फाकलेली असतील तर दोरा आपोआप सुटत राहतो. दोरा शटलच्या कडेबाहेर येईल इतका भरू नका, मळतो. सासूबाईंची लेस प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका. धुतलेल्या सुती कापडात सैल गुंडाळा, डांबराच्या गोळ्या तिला थेट लागू देऊ नका आणि घडी घालायचीच असेल तर अधूनमधून घडी बदला. आणि काळा दोरा रात्रीच्या दिव्यात घेऊ नका. चष्मा बदलून दोन वर्षं झाली असतील तर आधी नंबर तपासून घ्या.